उपदेशाच्या खोलीतली खुर्ची

वेताच्या बाई घाबरट होत्या, आणि हे त्यांना स्वतःला पुरतं ठाऊक होतं. गॅस बंद केला की नाही हे पाहायला त्या अर्ध्या रस्त्यातून माघारी येत. दारावर थाप पडली की हात आधी छातीवर जाई, मग कडीवर. नवरा होता तोवर या घाबरण्याची घरात थट्टा चाले. "हिची प्रार्थना ऐकून देवाच्याही पोटात गोळा येत असेल," असं तो गिऱ्हाइकांसमोर खुशाल सांगे, आणि बाई तोंड फिरवून हसत. खुर्च्यांच्या वेताच्या बैठका विणायचा त्याचा धंदा होता. तो गेला, विणकाम बाईंच्या अंगावर पडलं, थट्टा करायला कुणी राहिलं नाही आणि घाबरणं तेवढं घरात उरलं.

ते सगळं आता लेकीभोवती गोळा झालं होतं. तिला घरीदारी बारकी म्हणत. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून हे नाव पडलं. आता ती आईपेक्षा वीतभर उंच झाली होती, नाव काही वाढलं नव्हतं. बाप गेल्याला वर्ष होत आलं आणि तेव्हापासून बारकी धड झोपलेली नव्हती. अंथरुणावर ती पडायचीच नाही. मधल्या खोलीत भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसायची. डोळा लागला की दचकायची आणि मागच्या खोलीच्या दाराकडे बघत राहायची. त्या खोलीत तिचा बाप गेला होता. बाई अजूनही तिथेच झोपत, कारण पुढच्या खोलीत दुकान होतं आणि चौथी खोली काही घराला नव्हती.

शाळेत बाकावर डुलक्या घेते, अशी तक्रार आली. तेवढं चाललं असतं. पण एका दुपारी चौक ओलांडताना उभ्या उभ्या बारकीचे डोळे मिटले आणि मालाचा ट्रक तिच्या दप्तराला घासून थांबला. ट्रकवाला खाली उतरला तो शिव्या द्यायचंही विसरला आणि रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसला. शेजारणीने धावत येऊन हे सांगितलं तेव्हा बाईंच्या हातात भिजवलेला वेत होता. तो त्यांनी इतका आवळला की तळहाताला चीर पडली. पुढच्या वेळी ट्रक थांबणार नाही, हे एकच वाक्य त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात फिरायला लागलं. विणताना, भांडी घासताना, प्रार्थनेत आमेन म्हणतानासुद्धा.

दवाखान्यातले डॉक्टर बारकीला तपासून म्हणाले, "गोळी दिली तर झोप येईल. पण ही झोपेलाच घाबरते आहे. आधी समुपदेशन करून बघू."

बाईंनी ऐकलं ते उपदेशन. त्यांच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी उपदेश होई, तो करणारा उपदेशक, आणि त्याच्याआधी आणखी काही जोडलंय म्हणजे कुणी बढतीवरचा उपदेशक असणार, असा त्यांनी सरळ अर्थ लावला. दवाखान्यात देवाच्या वचनाची सोय आहे हे पाहून त्यांना भरून आलं. ठरल्या दिवशी त्या रविवारचे कपडे घालून, पिशवीत पवित्र शास्त्र घेऊन, बारकीची वेणी चापून घालून वेळेच्या बऱ्याच आधी हजर झाल्या.

खोलीत उपदेशक नव्हता. चपटे बूट घातलेली, कानामागे पेन खोचलेली, बाईंहून वयाने लहान अशी एक मॅडम होती. भिंतीवर क्रूस नव्हता, एका झाडाचं चित्र होतं. टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता, त्यावरून इथे माणसांना रडवतात हे बाईंनी ओळखलं. कोपऱ्यात वेताची एक खुर्ची होती, बैठक मधोमध खचलेली. बाईंची नजर आधी तिच्यावर गेली.

"सुरुवातीची प्रार्थना कोण करणार?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला करायची असेल तर करा ना. मी थांबते," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी प्रार्थना केली. मॅडमनी डोळे मिटले नाहीत. बाईंना हे कळलं, कारण त्यांचे स्वतःचेही अर्धे उघडेच होते.

घरी येईपर्यंत त्या एकच प्रश्न घोकत होत्या. लेकीचं मन त्यांनी कुणाच्या हातात दिलं होतं? संध्याकाळी मंडळीचे पाळकसाहेब आपली खुर्ची विणायला टाकायला दुकानात आले. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते उपदेशसुद्धा बसून करत, त्यामुळे ती खुर्ची लवकर खचे. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "पाठवू की नको?"

पाळकसाहेबांना हो किंवा नाही असं एका शब्दात कधीच बोलता येत नसे. ते म्हणाले, "बाई, ही माझी खुर्ची. तुम्ही काय करणार हिचं? अख्खी फेकणार?"

"सांगाडा धड आहे. कुजलेला वेत तेवढा कापून काढायचा."

"मग तिथलंही तसंच बघा. बाहेर बसून कान देऊ देतात ना? प्रत्येक गोष्ट वचनाला लावून बघा. बसली तर ठेवा, नाही बसली तर कापा. मलाही त्यातलं फार कळत नाही, खरं सांगतो."

बाईंनी हे काम मनावर घेतलं. पोरीच्या परवानगीने मॅडमनी दार किलकिलं ठेवलं होतं. बाई बाहेरच्या बाकावर बसत आणि आतून येणारी प्रत्येक गोष्ट पारखत. मॅडमनी बारकीला पोटातून सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. श्वास देवानेच माणसाच्या नाकात फुंकला आहे, त्यात वावगं काय? ठेवलं. मनात आलेला विचार धरायचा आणि हा खरा की नुसताच भीतीचा, असं त्याला विचारायचं, हे मॅडमनी सांगितलं. विचारांना मोकाट सोडू नये असं शास्त्रही सांगतंच. ठेवलं. मग आरशासमोर उभं राहून 'मी आहे तशी पुरेशी आहे' असं रोज म्हणायचं निघालं. इथे बाई अडल्या. माणूस आपला आपण पुरेसा असता तर तारणाऱ्याला क्रूसावर जायची गरज काय होती? कापलं. घरी त्यांनी आरसा तोच ठेवला, वाक्य बदललं आणि 'देवाची कृपा मला पुरेशी आहे' असं म्हणायला लावलं. बारकीने दोन्ही वाक्यं एकाच थकलेल्या आवाजात म्हटली आणि पुन्हा भिंतीला टेकून बसली. ते बघून बाईंना जरा लाज वाटली. आपण वाक्यांची पारख करतोय आणि पोर तिथेच आहे.

'आतल्या लहान मुलाला जवळ घे,' हे ऐकून तर त्या बाकावरून उठल्याच होत्या. बारकीच्या आत कसलं मूल? पण ते आपल्याच लहानपणाविषयी चाललंय हे कळल्यावर पुन्हा बसल्या आणि त्याचा निकाल पुढे ढकलला.

मग तो दिवस आला. आत खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला. खचलेल्या वेताचा करकर आवाज बाईंनी बरोबर ओळखला. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ही खुर्ची रिकामी आहे. समज, इथे तुझे बाबा बसलेत. त्यांना जे सांगायचं राहून गेलं ते सांग. घाई नाही."

शास्त्रातला तो राजा त्यांना आठवला, ज्याने घाबरून एका बाईकडून मेलेल्या संदेष्ट्याला वर बोलावलं होतं. दुसऱ्याच दिवशी तो राजा आणि त्याची मुलं रणात पडली होती. मुलं. बाईंना दुसरं काही सुचेना.

आतून बारकीचा आवाज आला. वर्षभरात बाईंनी तो इतका स्पष्ट ऐकला नव्हता.

"बाबा, त्या दिवशी सकाळी आई म्हणाली..."

बाईंनी दार ढकललं. पोरीचा दंड धरला आणि "चल" एवढं बोलून तिला ओढत बाहेर काढलं. मॅडम काहीतरी म्हणत मागे आल्या. "आम्ही मेलेल्यांशी बोलत नाही," बाईंनी जिन्यावरूनच सांगितलं आणि मागे वळून बघितलं नाही.

हे कारण खरं होतं, पण ते एकटंच नव्हतं. दुसरं कारण बाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पाळकसाहेबांना नाही आणि प्रार्थनेत देवालाही नाही, जणू त्याला कळलं नसावं.

त्या दिवशी पहाटे त्या चहा घेऊन मागच्या खोलीत गेल्या होत्या. नवऱ्याच्या कपाळाला हात लावला आणि त्यांना कळलं. कप त्यांनी जमिनीवर ठेवला, तो सांडलासुद्धा नाही. बाहेर बारकी गणवेश घालून उभी होती. तिच्या वर्षाच्या परीक्षेचा शेवटचा पेपर होता. "बाबांना सांगून जाते," ती म्हणाली. आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "बाबा झोपलेत. उठवू नकोस. आल्यावर सांग." मग त्या डबा भरायला स्वयंपाकाच्या ओट्याशी गेल्या. पोरीचा पेपर तरी नीट जाऊ दे, हे त्यातलं अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की ते वाक्य तोंडाने बोलायची त्यांना भीती वाटली. बारकी गेल्यावर त्या पुन्हा आत आल्या तेव्हा पांघरूण नवऱ्याच्या गळ्यापर्यंत नीट ओढलेलं होतं. आपणच ओढलं असेल, असं त्यांना वाटलं.

पुढे मातीच्या वेळी पाळकसाहेब मंडळीच्या रीतीप्रमाणे म्हणाले, आमचा बंधू प्रभूमध्ये झोपी गेला आहे. बाईंनी त्या शब्दाचा आसरा घेतला. मी वेगळं काय म्हणाले होते? सगळी मंडळी हेच म्हणते. वर्षभर त्या याच्या आडोशाला बसून होत्या, आणि त्या खुर्चीत नवरा येऊन बसला असता तर हा आडोसा राहणार नव्हता.

दवाखान्यात जाणं बंद झालं. बाईंनी उपास धरला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मंडळीलाही करायला लावली. बारकी डोकं खाली घालून सगळं करून घेई. तिच्या डोळ्यांखाली आता निळसर डाग पडले होते. एकदा ती पाण्याचा हंडा उचलताना बाईंना तिच्या बोटांची पेरं दिसली. प्रत्येक पेरावर बारीक लाल टोचे होते. बाईंनी न बोलता दुकानातला टोच्या शोधला, खुर्चीच्या भोकांतला जुना वेत ढकलून काढायचा तो. तो जागेवर नव्हता. बारकी भिंतीशी बसायची तिथल्या उशीखाली निघाला.

"हे कशाला?" बाईंनी विचारलं.

"झोप यायला लागली की टोचते."

बाई तशाच उठून पाळकसाहेबांच्या घरी गेल्या. खुर्चीची हकीकत त्यांनी आता पहिल्यांदा सांगितली. पाळकसाहेबांनी बराच वेळ गुडघा चोळला.

"मेलेल्यांना विचारणं मना आहे, हे तुमचं बरोबर," ते म्हणाले. "पण पोरगी काही विचारत होती का? की नुसतं सांगत होती?"

"मी ऐकलंच नाही पुढचं."

"का नाही ऐकलंत? कशाला घाबरलात?"

"देवाला."

"मग ठीक आहे," पाळकसाहेब म्हणाले. त्यांच्या बायकोने बिस्किटं पुढे ठेवली होती. बाईंनी एक उचललं, बराच वेळ हातात धरलं आणि पुन्हा बशीत ठेवून दिलं. मग पिशवी घेऊन निघाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बारकीला घेऊन दवाखान्याचा जिना चढल्या. मॅडमनी काही विचारलं नाही, दार उघडून बाजूला झाल्या. आत आल्यावर बाई म्हणाल्या, "ते खुर्चीचं राहिलं होतं. ते करा."

मॅडमनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि बारकीसमोर ठेवली. बाई गेल्या आणि तीत बसल्या. खचलेला वेत करकरला आणि त्या जरा खालीच गेल्या.

"आई, ती रिकामी हवी असते," मॅडम म्हणाल्या.

"मेलेल्याशी बोलायचं नाही, हे मी मोडणार नाही मॅडम. पण हिला जे बोलायचंय ते माझंच आहे. मी बसते." बाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. "बोल. आई म्हणाली, इथून पुढे बोल."

मॅडमनी क्षणभर दोघींकडे बघितलं, मग स्वतःची खुर्ची मागे घेतली आणि कानामागचं पेन काढून टेबलावर ठेवलं.

बारकी जमिनीकडे बघत होती. "आई म्हणाली, बाबा झोपलेत," ती म्हणाली. "पण मी गेले होते आत. तू डबा भरत होतीस. मी त्यांच्या हाताला हात लावला. गार होता. मला कळलं होतं काहीतरी चुकलंय. पण तू म्हणाली होतीस झोपलेत. मग मला वाटलं थंडी वाजत असेल. मी पांघरूण घातलं नि दार ओढून घेतलं, आवाज न करता." तिने शिकवल्यासारखा पोटातून श्वास घेतला. "मी तुला सांगितलं असतं तर डॉक्टर आले असते. मी पेपर लिहीत बसले. मला सगळं येत होतं त्या दिवशी."

बाईंना ते पांघरूण दिसलं. वर्षभर त्यांनी ते स्वतःच्या नावावर घेतलं होतं.

"आणि झोप?" मॅडमनी अगदी हळू विचारलं.

"मी झोपले आणि आई पण तशीच झोपली तर? कोण बघणार? मला मधल्या खोलीतून तिचा श्वास ऐकू येतो. दार उघडं असलं तर. बंद झाला तर उठायला पाहिजे ना कुणीतरी."

पोर बापाच्या खोलीकडे बघत नव्हती तर. आईवर पहारा देत होती, बोटांना टोच्या टोचून.

बाईंना उठून पळावंसं वाटलं. आयुष्यात इतक्या वेळा त्या घाबरल्या होत्या, पण ते सगळं याच्यापुढे काहीच नव्हतं. हे सांगितलं तर पोर कायमची जाईल, आणि नाही सांगितलं तर ट्रकखाली जाईल. त्यांनी खुर्चीच्या कडेचा वेत मुठीत धरला.

"तू काही केलं नाहीस," त्या म्हणाल्या. "तू हात लावलास त्याच्या आधीच ते गेले होते. पहाटेच. डॉक्टर येऊन काही झालं नसतं."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत होतं. मी कपाळाला हात लावला होता. माहीत असून म्हणाले, झोपलेत."

बारकीचा चेहरा बघता बघता असा बदलला की बाईंना ती ओळखू येईना. "तुला माहीत होतं," ती म्हणाली. "वर्षभर. मी वर्षभर... आणि तू माझ्यासाठी प्रार्थना करत होतीस?"

"हो."

"डोक्यावर हात ठेवून?"

"हो."

मॅडम पुढे वाकल्या. "आई, तुम्हीही फार ओझं वाहिलंत. स्वतःला क्षमा करायला..."

"ते नको मॅडम," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "बाकी तुमचं पुष्कळ मी ठेवलंय. पण मला माफ करणारी मी कोण? मी खोटं बोलले. हिच्याशी. ते हिने करायचं, आणि देवाने." मग त्या लेकीकडे वळल्या. "मी चुकले. मला क्षमा करशील?"

बारकीने बोटांच्या पेरांवरचे टोचे चोळले.

"आत्ता नाही येत मला," ती म्हणाली.

"बरं," बाई म्हणाल्या. डब्यातला कागदी रुमाल मॅडमनी पुढे केला तो दोघींनीही घेतला नाही.

घरी परतताना बारकी आईपासून चार हात अंतर ठेवून चालली. चौकात मात्र तिने आईची बाही धरली आणि पलीकडे गेल्यावर सोडली. दुकानात वेताची भेंडोळी कोपऱ्यात पडली होती, त्यांच्यावर पोतं टाकलेलं होतं. बाई पाळकसाहेबांची पुन्हा खचलेली खुर्ची घेऊन कामाला बसल्या. आडव्या ओळी संपवून मान वर केली तेव्हा बारकी त्या पोत्यावर आडवी झालेली होती. अंगाचं मुटकुळं, तोंड उघडं, एक हात जमिनीवर लोंबलेला.

बाईंच्या हातातला वेत तसाच राहिला. हेच त्यांनी मागितलं होतं, आणि आता त्यांना बघवत नव्हतं. तोंड उघडं का आहे? हात असा का पडलाय? त्या कान देऊन बसल्या, पण रस्त्यावरच्या आवाजात श्वास काही ऐकू येईना.

तेवढ्यात दारात पाळकसाहेब आले, काठी टेकत. "झाली का हो खुर्ची?" त्यांनी विचारलं, आणि मग आवाज खाली आणून, "पोरगी कुठंय?"

भेंडोळी दाराआड होती, त्यांना तिथून दिसत नव्हती. बाईंनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला आणि तिथेच थांबला. वर्षभर ज्याच्या आडोशाला बसल्या तोच शब्द, आणि आता तो त्यांना उच्चारता येईना.

"थांबा," त्या म्हणाल्या. उठल्या, कोपऱ्यात गेल्या, वाकल्या आणि बारकीच्या लोंबलेल्या हाताला हात लावला. पेरांवरचे टोचे खरखरीत लागले. हात गरम होता. त्यांनी तो थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

मग दारापाशी येऊन त्यांनी सांगितलं, "झोपली आहे."

आणि पाळकसाहेबांना तिथेच उभं ठेवून पुन्हा एकदा बघायला आत गेल्या.